पोत्याची रंगीत तालीम

मुकादम घरसामान हलवण्याच्या धंद्यात होता आणि त्या धंद्यात त्याचा एक नियम होता. ओझ्याला हात लावण्याआधी रिकाम्या हाताने जिना एकदा चढून-उतरून बघायचा. कठडा कुठे आत आलाय, कुठली पायरी झिजून उतरती झालीय, कोणाच्या दारापुढे चपलांचं कपाट आडवं येतंय, हे सगळं एकदा डोळ्यांखालून गेलं की मग लोखंडी तिजोरी असो की माणसाच्या उंचीचा आरसा, तो म्हणायचा, "होईल." जास्त काही बोलायचा नाही. गिऱ्हाइकांना त्या एका शब्दाचा मोठा आधार वाटायचा, आणि खरं सांगायचं तर तो शब्द आजवर वाया गेला नव्हता.

त्यामुळे एका रात्री जेवताना लेक म्हणाली, की सुट्टीच्या दिवशी सगळे समुद्रावर जाऊया आणि आजीलाही नेऊया, तेव्हा त्याने ताटातून मान वर न काढताच "होईल" म्हणून टाकलं. त्याच्या बायकोने मात्र हातातला पळीभर भात तसाच धरला आणि आतल्या खोलीकडे बघितलं.

आतल्या खोलीत त्याची आई होती. खुबा मोडल्याला दोन वर्षं झाली होती. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, चार पायांची काठी घेऊन ती घरभर फिरायची. स्वयंपाकघरात येऊन सुनेला मीठ कमी पडल्याचं सांगायची. पण घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि डॉक्टरांनी जिन्याचं नाव काढायचं नाही असं बजावलेलं. इस्पितळातून तिला वर आणलं तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. एके काळी हीच बाई इस्पितळाचा धुलाईखाना चालवत होती. चादरींचे गठ्ठे डोक्यावरून जात आणि हाताखालच्या बाया तिच्या पावलांच्या आवाजानेच कामाला लागत. पावलं गेली तरी आवाज शाबूत होता.

मुकादम कामाला लागला. आधी तो रिकामी गाडी घेऊन समुद्रकाठच्या त्या छोट्या गावी जाऊन आला. गाव म्हणजे एक रस्ता, दोन चहाच्या टपऱ्या आणि होड्या ओढून घ्यायचा एक सिमेंटचा उतार. तो उतार बघून त्याचा जीव हरखला. असा उतार असला की खुर्ची थेट पाण्याच्या कडेपर्यंत नेता येते, वाळूत रुतायची भीती नाही. भरती-ओहोटी त्याने तिथल्या एका होडीवाल्याला विचारून घेतली. सकाळी पाणी उताराला लागलेलं असतं आणि दुपारनंतर लांब जातं. म्हणजे निघायचं पहाटे. मालकाकडून मागे दोन बाकं असलेली मोठी बंद गाडी एका दिवसापुरती मागून घेतली. कोण कुठे बसणार, डबे कुठे, पाण्याची कळशी कुठे, सगळं त्याने सामान लावतात तसं मनात लावून टाकलं. एक वीत जागा उरली नाही, एक वीत कमी पडली नाही.

राहिला जिना. घरातल्या हातांच्या खुर्चीला त्याने दोन्ही बाजूंनी लाकडी दांडे बांधले. आई दुपारी झोपली की फूटपट्टी घेऊन तिच्या खांद्यांची रुंदी आणि पायांची लांबी बघून घेतली. लेकीने हे बघितलं आणि त्याने तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग एका संध्याकाळी हाताखालचा लंबू आला. हा माणूस खरोखरच ताडमाड होता आणि जिन्यावर खालची बाजू नेहमी तोच धरायचा. दोघांनी खुर्चीवर वाळूचं पोतं ठेवलं, पट्ट्याने आवळलं, खुर्चीचं तोंड वरच्या बाजूला केलं, म्हणजे घसरलंच तर पुढे पडायला नको, आणि तिसऱ्या मजल्यावरून तळापर्यंत नेऊन दाखवलं. एकदा नाही, तीनदा. वळणावर पोतं कठड्याला घासत होतं, ते तिसऱ्या खेपेला घासलं नाही. मुकादमाने घाम पुसला आणि लंबूला म्हणाला, की आता आई आणि पोतं यात फरक एवढाच, की पोतं बोलत नाही.

हे वाक्य जिन्यातून कुठकुठे गेलं कोण जाणे. पहिल्या मजल्यावर आईची मैत्रीण राहायची. सगळी इमारत तिला मावशी म्हणायची. मावशीच्या छातीचं काहीतरी दुखणं होतं, तिला चढ वर्ज्य. एक खाली येऊ शकत नाही, दुसरी वर जाऊ शकत नाही, म्हणून या दोघी दोन वर्षं गॅलरीतून खालीवर ओरडून किंवा फोनवर बोलत होत्या. मावशीच्या दारापुढून पोत्याची मिरवणूक तीनदा गेली होती. ती फोन उचलल्याशिवाय कशी राहील?

मुकादम घरात शिरला तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने विचारलं, जेवलीस का.

"पोत्याला ने समुद्रावर," आई भिंतीला म्हणाली. "त्याला सवय झालीय."

त्याने समजावून बघितलं. एवढी तयारी केलीय, उतार बघून आलोय, गाडी सांगितलीय. आईने ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की तिच्या झोपेत तिची मापं घेणाऱ्या माणसाशी तिला बोलायचं नाही. लेक दाराआडून पसार झाली.

दोन दिवस घरात ताटांचा आवाज तेवढा होता. आई यायची, जेवायची, जायची. मुकादमाला वाटलं, रागाचा भर ओसरेल. त्याचं जड सामानाचं गणित कधी चुकलं नव्हतं, इथे काय चुकलं ते त्याला कळेना. त्याने बायकोपाशी कुरकुर केली. मी हे सगळं कोणासाठी करतोय? तिला कोणी बघू नये म्हणून मी पहाटेची वेळ काढली, लोकांच्या दारांना कड्या असतानाच तिला खाली न्यायची म्हटलं, तरी ही रुसली.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी गेलात की पहिलं काय विचारता?" ती म्हणाली.

"कुठली वस्तू कशी न्यायची ते."

"मग आईंना काय विचारलंत?"

बायकोने पुढची घडी उचलली. तिला आणखी काही बोलायची गरज वाटली नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर हातपाय धुऊन तो आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला. चहाचे दोन कप त्याने स्वतः आणले होते. आईने कप घेतला, म्हणजे अर्धी वाट मोकळी झाली. मग त्याने विचारलं, तुला कसं जायचंय ते सांग.

आईने चहाचा घोट घेतला. "पहाटे कशाला?" ती म्हणाली.

"कोणी उठलेलं नसतं. कोणी बघणार नाही."

"कोणी बघू नये असं मी काय केलंय?"

मुकादमाने हातातला कप खाली ठेवला.

आई सावकाश बोलत गेली. दोन वर्षं ती या इमारतीतल्या माणसांना नुसत्या पावलांवरून ओळखत होती. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची फरपट, समोरच्या पोरांच्या उड्या, रात्री उशिरा येणाऱ्या नर्सबाईंचं थकलेलं चढणं. दारापुढून सगळे जातात, कोणी थांबत नाही, कारण कोणाला वाटतं तिला त्रास होईल, कोणाला वाटतं काय बोलायचं. "मी मेलेय की जिवंत, हे त्यांना तुझ्या तोंडून कळतं," ती म्हणाली. आणि आता एकदाची उंबऱ्याबाहेर पडणार, तर हा मुलगा तिला चोरीच्या मालासारखं अंधारात काढणार, तेही तोंड मागे करून. तिला लख्ख उजेडात जायचं होतं. दारं उघडी असताना. तोंड पुढे करून. आणि पहिल्या मजल्यावर थांबायचं होतं.

मुकादमाच्या डोक्यातली चाकं फिरायला लागली ती इथे. वळणावर तोंड पुढे करून खुर्ची नेता येईल, पण खालच्या माणसाला दांडे खांद्यापर्यंत उचलावे लागतील. लंबूची उंची आहे, जमेल. पट्टा मात्र लागेल, त्यात सूट नाही. आईने पट्टा मान्य केला, वर स्वतःची निळी शाल टाकायच्या अटीवर. पहिल्या मजल्याचं मात्र कठीण होतं. जिन्याच्या मधे ओझं धरून गप्पा मारता येत नाहीत, हे त्याने तिला समजावलं.

"जिन्यात कोण म्हणतंय? तिच्या घरात बसेन मी."

मग त्याला मावशीचं दार मोजावं लागलं. दांड्यांसकट खुर्ची आत जाईना, म्हणून त्याने दांडे पटकन काढता-घालता येतील अशा कड्या बसवल्या. उशिरा निघालो तर पाणी दूर गेलेलं असेल, हेही तिला सांगितलं. आई म्हणाली, समुद्र काय पळून जातोय. तेव्हा त्याने कप गोळा केले, उठला आणि बऱ्याच दिवसांनी तो शब्द त्याच्या तोंडून नीट निघाला. "होईल."

सुट्टीच्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर खुर्ची उंबऱ्याबाहेर पडली. लंबू खाली, मुकादम वर, बायको काठी आणि पिशवी घेऊन मागे, लेक पुढे धावत दारं वाजवायला. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. दारं उघडली. शिंपी तोंडात टाचण्या धरून वरून वाकला. समोरच्या घरातली बाई ओल्या हातांनीच बाहेर आली. आई खुर्चीत ताठ, शाल खांद्यावर, एकेकाला नावानिशी हाक मारत होती. तुझं पोर केवढं झालं, तू केस का कापलेस, तुमच्या नळाचा आवाज मला वरपर्यंत येतो, दुरुस्त करून घ्या. नर्सबाई आज रात्रपाळी करून नुकती आली होती, तिने येऊन आईचा हात धरला आणि सोडेच ना. लंबूचे दंड थरथरायला लागले. मुकादमाने वरून विचारलं, जमतंय का. लंबू दात आवळून म्हणाला, की पोतं बरं होतं.

मावशी दारात उभी होती. तिने दाराची दोन्ही कवाडं सताड उघडून ठेवली होती आणि अंगावर धुवट साडी होती. दांडे निघाले, खुर्ची आत गेली, खिडकीशी टेकली. दोघी मैत्रिणींनी एकमेकींना न्याहाळून घेतलं.

"जाडी झालीस," आई म्हणाली.

"तू वाळलीस. बस."

"बसलेलीच आहे."

मग त्या जे बोलत सुटल्या त्यात कोणाला शिरायला फट राहिली नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या घरी कोण राहायला आलं, फोनवर सांगता येत नाही असं जे काही दोन वर्षं साठलं होतं ते सगळं निघालं. मुकादम दाराशी उभा राहून घड्याळाकडे बघत होता. होडीवाल्याने सांगितलेलं पाणी त्याच्या डोळ्यांसमोर उतारावरून मागे सरत होतं. बायकोने त्याला चिमटा काढला, तेव्हा तो घड्याळाकडे बघायचा थांबला.

शेवटी आईने त्याच्याकडे मान वळवली. "हीपण येतेय," ती म्हणाली.

मावशीने नको-नको केलं. उतरायला तिची ना नव्हती, पण संध्याकाळी वर कशी चढणार? याच भीतीने तीही महिनोन्महिने दाराबाहेर पडली नव्हती, हे आज पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. आईलासुद्धा. आईने मैत्रिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सगळे मुकादमाकडे बघायला लागले. गाडीत एक वीत जागा नव्हती. त्याने मावशीकडे एकवार खालपासून वरपर्यंत नजर टाकली.

"बघतोस काय," मावशी म्हणाली. "चढायला खुर्ची तीच, जरा दांडे मजबूत आहेत ना बघ."

"मावशी, चप्पल घाला," तो म्हणाला.

डबे लंबूच्या मांडीवर गेले, लेक कळशी मांडीवर घेऊन बसली, आणि गाडी निघाली तेव्हा गॅलऱ्यांमधून बरेच हात हलत होते.

समुद्राला पोचेपर्यंत दुपार टळली होती. पाणी उतार सोडून लांब गेलं होतं. मुकादमाने चपला काढल्या, ओल्या वाळूवर रिकाम्या हाताने पाण्यापर्यंत चालत जाऊन परत आला. वाळू घट्ट होती, पाऊल रुतत नव्हतं. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघत होती. आईने त्यांना मान हलवून रामराम केल्यासारखं केलं आणि खुर्ची निघाली. शेजारून मावशी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. पाणी पहिल्यांदा पावलांना लागलं तेव्हा आईने साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि मुकादमाला सांगितलं, अजून थोडं पुढे.

परतीच्या वाटेवर दोघींचं भांडण सुरू झालं. संध्याकाळी खुर्चीत आधी कोणी बसायचं. मावशी म्हणे, माझा मजला पहिला, मी आधी. आई म्हणे, मी वर गेले की तू मला दिसणार नाहीस, म्हणून मी शेवटी. लंबू मागच्या बाकावर हातांना तेल चोळत बसला होता. मुकादम गाडी चालवत होता आणि त्या भांडणात पडला नाही. त्याचं ठरलं होतं. पुढच्या सुट्टीला तो आईला परत पहिल्या मजल्यावर आणणार होता, आणि आता त्याला जिना पाठ होता.