जमिनीवर न सांगायची जागा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. लिहायची सवय मला नाही — आठवीत शाळा सुटली, त्यानंतर हाताने लिहिलं ते किराण्याच्या याद्या आणि डब्यांवरची नावं. पण तुम्ही कोण ते मला माहीत नाही, आणि मी कोण ते तुम्हाला नाही. म्हणून जमेल बहुतेक.

सुरुवात कुठून करू? काकूंच्या दरवाजापासून करतो.

इंदूरला परदेशीपुऱ्यात काकूंची मेस आहे. सोळा वर्षं झाली मी तिथे आहे. आलो तेव्हा भांडी घासायला होतो, आता स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, किल्ल्या माझ्याकडे आहेत. मला टायफॉइड झाला होता तेव्हा ह्या बाईने वाटी-वाटी पेज पाजली. कोण, कुठला, गाव का सोडलं — एका शब्दाने विचारलं नाही. मी त्यांचं किती देणं लागतो ते सांगता येणार नाही. तर मागच्या गुरुवारी दुपारची पंगत उठली आणि काकूंनी मला आत बोलावलं.

"नितीन, दरवाजा लाव जरा. कडी पण लाव."

ओट्यावर पितळी वाटी, बारा-तेरा लहान डबे. काकूंच्या आमटीचा मसाला त्या स्वतः कुटतात, कडी लावून. सोळा वर्षांत मी प्रमाण पाहिलेलं नाही.

"माझ्या सासूने मला दिलं, तिला तिच्या सासूने. मुलगा तर तिकडे बंगलोरला, सूनबाईला टाइम नाही. आता तूच ठेव. बस, किसी को बोलना मत."

मी म्हणालो, "काकू, आज नको. गॅसवर वरण आहे."

"भाव खातोयस का रे?" त्या हसल्या.

गॅसवर वरण नव्हतं.

त्या बाईला मी काय सांगू? की मला काही गुप्त सांगू नका — एकदा एकाने सांगितलं होतं?

माझं गाव सिंधुदुर्गात, किनाऱ्यावर. बाबांची छोटी होडी होती, आणि होडीत एक जोडीदार — अनंतकाका. नात्याने कुणी नाही. पण बावीस वर्षं दोघं एका होडीत. जाळ्याचं काम फार नाही, ते गरवायचे. म्हणजे हातात तंगूस धरायचा, टोकाला शिसं आणि गळ, गळाला बांगड्याचा तुकडा, आणि खाली काय चाललंय ते बोटाने ओळखायचं.

मी आठवीत नापास झालो आणि बाबांनी मला होडीत घेतलं. मला समुद्र लागायचा. रोज. किनारा हातभर मागे गेला की पोटात कालवायचं. गावात हे सांगायची सोय आहे? कोळ्याचा पोरगा आणि ओकतो! आणि नुसतं ओकणं नव्हे — भीती. खाली किती पाणी आहे ह्याचा विचार आला की हाताची बोटं वळायची नाहीत. हे बाबांना मी कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, सवय होईल.

त्या दिवशी अनंतकाका भाचीच्या लग्नाला गेला होता. होडीत बाबा आणि मी, दोघंच. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं. पाणी शांत होतं, तरी मी बाहेर पडल्या पडल्या ओकलो. बाबा चिडले नाहीत. उलट हसले. "ओक, ओक. मासे जमतले." मग ओंजळीत खारं पाणी घेऊन माझं तोंड त्यांनी स्वतः धुतलं. मी पंधरा वर्षांचा होतो. एवढ्या जवळून त्यांनी मला कधी हात लावला होता, आठवत नाही.

बरंच आत गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, बघ. किल्ल्याचा पडका बुरूज दिसतोय? त्याच्या बरोबर वर टेकडीवरचं एकटं आंब्याचं झाड यायला पाहिजे, बुरुजातूनच उगवल्यासारखं. आता इकडे मान वळव. देवळाचा कळस शाळेच्या लाल छपरामागे गेला पाहिजे, नुसतं टोक उरलं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जमलं की होडीखाली खडप आहे. पाण्यातला खडक. त्याच्या बिळांतून गोबरे, तांबोसे असले मोठे मासे असतात. दुसऱ्या कुणाला ती जागा ठाऊक नाही. फक्त बाबा आणि अनंतकाका.

"माका तुज्या आजान दाखवल्यान. आता तुका. ह्या जमनीवर बोलूचा नाय. आवशीकडे पण नाय."

आवशीकडे म्हणजे आईजवळही नाही. आमच्यात ही रीत आहे. असली खूण होडीत सांगायची, पाण्यावर. जमिनीवर तिचं नाव काढायचं नाही.

ज्या शाळेने मला नापास केलं, तिचंच छप्पर. गंमत वाटली होती मला.

मग मी गळ सोडला. तळाला शिसं टेकलं आणि लगेच — अशी ओढ, की तंगूस बोटात रुतला. बाबा उभे राहून ओरडायला लागले, "सोडू नको! बिळात घुसतलो!" गोबरा एकदा बिळात गेला की संपलं, म्हणून पहिल्या झटक्यातच वर घ्यायचा असतो. मी घेतला. मांडीएवढा गोबरा. बाबांनी माझी पाठ थोपटली, परतताना सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः पुढे जाऊन बसले, पाठ माझ्याकडे करून. मी नेईन तिकडे होडी जाणार, असं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. हे मी खोटं सांगत नाही.

आणि त्याच परतीच्या वाटेवर, त्या पाठीकडे बघता बघता मला कळलं — आता सुटका नाही. खूण दिली, म्हणजे होडी दिली. म्हणजे जन्मभर हेच पाणी.

इथे मी दोन दिवस थांबलो होतो. पुढचं लिहायला.

धक्क्यावर सुहास म्हणून एकजण असायचा. त्याची नवी फायबरची होडी होती, शहरातले पाहुणे गरवायला न्यायचा, जागा लक्षात ठेवणारं मशीन होतं त्याच्याकडे. चार दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. तो डिझेल भरत होता. मी सांगितलं. बुरूज, आंबा, कळस, छप्पर. दोन वाक्यं असतील. जमिनीवर उभं राहून.

त्याने मला विचारलं नव्हतं. हे तुम्हाला कळावं म्हणून वेगळं लिहितो — त्याने विचारलंच नव्हतं. काही दिलंही नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मी काय विचार करत होतो? की खडप रिकामं झालं तर होडी बंद होईल. होडी बंद झाली तर मला जावं लागणार नाही. एवढंच.

पंधरा दिवसांत बाबा आणि अनंतकाका खडपावर गेले आणि तिथे तीन होड्या उभ्या होत्या.

बाबा घरी आले. जेवताना दाराकडे बघत बसले. मग आईला म्हणाले, अनंता लग्नाला खरंच गेलेला का? तिथून सुरू झालं. सुहासला विचारलं तर तो नुसता हसायचा, नाव सांगायचा नाही. अनंतकाकाचा मेहुणा कधीमधी सुहासच्या होडीवर कामाला जायचा. अनंतकाकाने नवीन गळ आणले होते — कुठून? तो हल्ली कमी बोलतो — का? एकेक गोष्ट नीट बसत गेली. मला ठाऊक होतं की खोटं आहे, आणि तरी, खरं सांगतो, ऐकता ऐकता मलाही पटायला लागलं. संशय असाच असतो का? एकदा आत आला की प्रत्येक गोष्ट त्याच्याच बाजूने साक्ष देते?

मग बाबांनी मला विचारलं. अनंत्याला कधी सुहासबरोबर बोलताना पाहिलंस?

पाहिलं होतं. धक्क्यावर सगळेच सगळ्यांशी बोलतात. मी म्हणालो, होय, एकदा.

माझ्यावर त्यांचा संशय गेला नाही. खूण तिघांना माहीत होती, पण बाबांनी मोजताना दोनच मोजले. मी त्यांच्या हिशेबात वेगळा नव्हतोच. मी म्हणजे तेच.

शेवटी अनंतकाकाच म्हणाला, "देवाक विचारूया. माजी तयारी आसा." आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. देवळात बाबा, अनंतकाका, गावातली चार माणसं आणि मी. बाबांनीच मला नेलं होतं, सगळं बघून ठेव म्हणून. गुरवाने विचारलं, अनंताने खूण फोडलेली नसेल तर उजवी दे.

बराच वेळ काहीच पडेना. पाकळ्या तशाच. मला वाटलं, देव माझी वाट बघतोय. खरंच तसं वाटलं — की मी तोंड उघडेपर्यंत तो काही पाडणार नाही. मी तोंड उघडलं नाही. डावी पडली.

अनंतकाकाने मूर्तीपुढे डोकं टेकवलं, उठला, आणि जाताना माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही. माझ्याकडे. का? हा प्रश्न मला सोळा वर्षं सोडत नाही. मी सुहासकडे गेलो तेव्हा धक्क्यावर आणखी कोण होतं — किती वेळा आठवून बघितलं. एक माणूस पाठमोरा जाळं शिवत बसला होता. कोण होता तो?

कौलानंतर बाबा अनंतकाकाशी बोलले नाहीत. आमच्यामध्ये तीन घरं, तेवढ्यात बाबा वाट बदलायचे. ओकणाऱ्या पोराला घेऊन होडी चालत नाही. ती माडाच्या झावळ्यांखाली पडून राहिली, मग विकली. बाबा म्हातारपणी दुसऱ्याच्या होडीवर हाताखाली जायला लागले. आणि मला जे हवं होतं ते मिळालं. गावातले एकजण रेल्वेत होते, इंदूरला, त्यांनी मला काकूंकडे लावलं.

एसटीत बसलो तेव्हा अनंतकाका स्टँडवर होता. बाबा दूर जाऊन उभे राहिले. तो खिडकीशी आला, सुक्या बांगड्यांची एक पुडी आत दिली आणि हळूच म्हणाला, "थंय दर्या नाय ना रे? मगे बरा."

सांगा, ह्याचा अर्थ काय? त्याला ठाऊक होतं? ठाऊक असून त्याने ते अंगावर घेतलं? की सहज बोलला? पुडी मी पुढे रतलामला आगगाडीतून फेकून दिली.

इथे इंदूरला दर्या नाही. पोरं थट्टा करतात, "भिया, आप तो समंदर वाले हो, मच्छी पकड़ी होगी खूब?" मी म्हणतो, एक पकड़ी थी. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून जाताना तिथल्या जुन्या समाध्यांच्या छत्र्यांचा एक कळस दुसऱ्याच्या मागे जातो, नुसतं टोक उरतं — मी मान फिरवतो. काकू बुधवारी खजराण्याला नेतात. लोक गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून मागणं मागतात, काकू मलाही म्हणतात, "मांग ले, नितीन, काहीतरी." मी हात जोडतो. विचारत काही नाही, मागत काही नाही. दोन माणसं कोपऱ्यात हळू बोलत असली की मला वाटतं माझंच चाललंय. मेसमधून एकदा स्टीलचे चार डबे गेले, तर मीच घाबराघुबरा होऊन आधी माझी पेटी उघडून दाखवली. काकू चिडल्या. "अरे, तुझ्यावर शक करेन का मी? तू तर घरचा आहेस!" तेच तर. घरच्यावर कुणी करत नाही.

ह्या सोमवारी सकाळी डबे भरत असताना बाबांचा फोन आला. ते सकाळचे कधी करत नाहीत.

"अनंता गेलो," म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही गेलात? खांद्याला?

"नाय." मागे समुद्राचा आवाज येत होता, म्हणजे ते बाहेर उभे असणार. तिथून अनंतकाकाचं अंगण दिसतं.

"मरापर्यंत कबूल करूक नाय बघ तेना."

कापला नाही फोन. श्वास ऐकू येत होता. ऐंशीला टेकलेल्या माणसाला कुणीतरी पुढे काही बोलावं असं वाटत होतं, आणि खरं सांगेल असा जगात मी एकटा उरलो होतो. माझ्यासमोर बत्तीस डबे उघडे होते, आमटीची वाफ येत होती. मी पाण्यावर नव्हतो, जमिनीवर होतो. सांगता आलं असतं.

"होय बाबा," मी म्हणालो.