टिटवीसाठी सोडलेली जागा

आमची आई माळावर भांडायला लागली की सोलापुरात सात रस्त्याला ऐकू जावं, असा तिचा आवाज. मी तिचीच लेक, म्हणून सांगते.

आम्ही पारधी. शिकारीला बंदी आलेली, माळाचं गवत नांगराखाली गेलेलं, तितर-ससे परागंदा. जाऊ तिथं पहिला प्रश्न, "कुठले रे तुम्ही?" बा बिचारा शेवटी ज्या गावानं हाकललं त्याचं नाव सांगायचा. म्हणून सरकारनं पडीक माळाचा तुकडा द्यायचं कबूल केलं, तेव्हा आई इतकी हरखली की तिनं ढेकळाचा मुकाच घेतला! अट एकच होती. या पावसाळ्यात तो आम्हीच पेरलेला तलाठ्याला दिसायला हवा.

बानं जन्मात तिफण धरली नव्हती. मागून आणलेल्या बैलांनी ते तेव्हाच ओळखलं. बा पुढं रेटायचा, बैल आपल्या मालकाच्या गोठ्याकडं वळायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. त्यात शेताच्या मधोमध टिटवीची चार अंडी निघाली. बानं बैल लांबूनच वळवले आणि बाजेएवढी जागा कोरी सोडली. आमच्यात अंड्यावर बसलेल्या मादीला उठवत नाहीत. तिला उठवलं तर पुढच्या साली फासात काय यायचं?

"अवो, आता आपण शेतकरी झालो की!" आई कडाडली. "का टिटवीच्या नावावर सातबारा करताय?"

"पिल्लं निघू दे. मग पेरतो."

बाजरी वीतभर झाली आणि तलाठी आला. संगं गावातला एक बडा शेतकरी. या माळावर त्याचा कधीपासून डोळा. मिशीला पीळ देत म्हणाला, "भाऊसाहेब, पारधी कुटं पेरत असत्यात व्हय? माज्या गड्यांनी पेरलंय. ही काल येऊन बसली हितं."

आईसुद्धा गप्प! आई गप्प म्हणजे संपलंच सगळं, असं मला वाटलं.

तलाठ्यानं रान न्याहाळलं. "मग मधली जागा का सोडलीय?"

बडा शेतकरी चाचरला. "तितं... खडक हाय."

"न्हाय भाऊसाहेब," बा म्हणाला. "टिटवी बसलीया. चार अंडी हायती."

तलाठी बघायला निघाला. टिटवी उठली ती थेट त्याच्या डोक्यावर! असा कालवा, अशा झडपा, की त्याची टोपी बाजरीत पडली. उघड्या डोक्यानं त्यानं अंडी मोजली. चार. वहाणेनं माती उकरली. खडक कसला, भुसभुशीत रान. मग तो खो खो हसत सुटला. "पाखरासाठी पेरणी सोडलीय! हे पारध्याचंच काम. लिहितो तुझ्या नावावर."

बडा शेतकरी कधी सटकला, कळलंही नाही. आईनं मला गरागरा फिरवलं आणि दोघी बाजरी चुकवून बांधावर पडलो. दिवसभर ती टिटवीला शिव्या देत होती, लाडानं.

संध्याकाळी सायकलवरून पोलीस चालला होता. आम्हाला बघून नेहमीसारखा थांबला. "काय रे, कुठले तुम्ही?"

बानं सवयीनं मागच्या गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण आई मधीच उठली आणि ओरडली, "हितले!"

टिटवी परत उडाली.