दिव्यावरची टिकली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच — दिलीप तिचा सख्खा भाऊ. तुम्ही ऐका, आणि मग खुशाल माझं तोंड पाहू नका.

दिलीपचं केडगावात गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं. मी मात्र शोरूमची पायरी सोडायचो नाही. ऑइल कंपनीचं, फिल्टर कंपनीचाच! कॉलेजात शिकवतो ना — फुकटचा रुबाब. शेवटी बायकोनं टोकलं, घरचं दुकान असताना बाहेर कशाला? दिलीपनं दुसऱ्या मेकचा फिल्टर पुढं ठेवला. "दाजी, माझ्या गाडीला हाच हाय. पन मन मानत नसंल तर कंपनीचा मागवतो." मी तोच बसवून घेतला. फिल्टर चांगला होता — हे आधीच सांगून टाकतो.

पुढं गाडी जुनी झाली, ऑइल खायला लागली. ऑइल कमी झालं की समोर लाल दिवा लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं! पण आज नको, उद्या बघू... आणि तो दिवा सारखा डोळ्यांत खुपायचा. मग मी काय केलं? गाडीच्या आरशाला बायकोची टिकली चिकटलेली होती. ती काढली आणि दिव्यावर लावली. शी! सांगतानाही किळस येते.

तशाच गाडीत सासरची माणसं घालून खर्ड्याला साखरपुड्याला निघालो. जामखेडच्या अलीकडं इंजिन खडखडलं आणि जाम झालं. नवी लुगडी नेसलेल्या बायका भर उन्हात रस्त्यावर. आणि मी? मी आत बसून आधी नखानं टिकली खरवडली. मग बाहेर येऊन म्हणालो, "दिलीपच्या डुप्लिकेट फिल्टरनं घात केला. सगळं ऑइल गळून गेलं."

एवढंच बोललो. पण पंगत उठायच्या आत ते सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत झालं. दिलीपची गिऱ्हाइकं म्हणजे हीच माणसं — त्यांचे टेम्पो, त्यांच्या जीपा. हळूहळू कुणी फिरकेना. दुकान बसलं. आता तो एमआयडीसीत दुसऱ्याच्या गोडाऊनवर खोकी उचलतो. मी तोंड उघडलं? नाही. उलट चारचौघांत सांगत राहिलो, पार्ट घ्यावा तर कंपनीचाच. थू माझ्या जिभेवर!

पण खरी घाण पुढंच आहे. दिलीपनंही ते खरं मानलं. घरी आला की पाणीसुद्धा न पिता तो आधी माझ्या गाडीचं बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी स्वतःच्या रुमालानं पुसून बघतो. या भाऊबीजेला बायको ताट घेऊन दारात उभी होती, आणि हा बॉनेटखाली.

"लेव्हल बरोबर हाय, दाजी," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "त्या टायमाला माझ्यामुळं तुमाला लई तरास झाला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे रे. चुकतं माणूस."