काळी चारमधला धवला

मास्तर गेल्याचं मला तुर्भे नाक्यावर बसच्या रांगेत कळलं, आणि तेही तीन दिवसांनी. पुढे मायकल उभा होता. आमच्या वाद्यवृंदातला तो पहिला व्हायोलिन, पोटासाठी फिटर. वळून म्हणाला, "मास्तर ऑफ झाला ना... तुला कोणी सांगितलं नाय?" मी नाही म्हणालो. "झोपेतच गेला. शुक्रवारी. आम्ही सगळे होतो. तू दिसला नाय, वाटलं गावाला असशील." मी कुठेही गेलो नव्हतो, वाशीतच होतो, मास्तरांच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. पाच वर्षांत तेवढं अंतर मी एकदाही चाललो नव्हतो, त्यामुळे मला कळवावं हे कोणाच्या मनातही आलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. बस आली, मायकल चढला. मी रांगेतून बाहेर झालो आणि सरळ घरी आलो. बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय.

अर्जुन जाधव हे त्यांचं नाव, पण आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो. वीस वर्षं लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून ते पेन्शनीत आले आणि महाप्याला आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्याच्या भिंती संपल्या की दोन्हीकडे भातखाचरं आणि मिठागरंच होती. मास्तर मूळचे कोकणातले. त्यांचे वडील आणि चुलते गावात लग्नाला सनई वाजवायचे, आणि वाजवायचे ते मांडवाच्या बाहेर उभं राहून. बौद्ध झाल्यावर वडिलांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि सांगितलं, आता कोणाच्या दारात वाजवायचं नाही. मास्तर हे एकदाच, सहज बोलल्यासारखे बोलले होते. आणि वर म्हणाले होते, "कुलकर्णी, म्हणून मी स्टेज मागतो. आपण वाजवत असताना कोणी मोठा पाहुणा आला तर बसेल मागच्या खुर्चीवर. त्याच्यासाठी आपण थांबलो की आपण परत दारात." मी मान डोलावली होती. माझ्या घरात असा प्रश्न कधी आलाच नव्हता, त्यामुळे मान डोलावणं मला सोपं गेलं.

दर रविवारी सकाळी कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही चौदाजण जमायचो. मायकल आणि त्याचा भाऊ, बँडपथकातले दोन क्लॅरिनेटवाले, एक सतारिया, तबला, ढोलकी, आणखी काही जण आणि तिसऱ्या व्हायोलिनवर मी. शिवाय माझं मराठी बरं म्हणून निवेदनही माझ्याकडेच. मास्तरांची खरी कला वाजवून घेण्यात होतीच, पण त्याहून जास्त ती कार्यक्रम लावण्यात होती. स्टोअरमधल्या मालाची नोंद ठेवायच्या, बाद झालेल्या बिन कार्डांच्या पाठीवर ते एकेका तुकड्याचं नाव लिहायचे आणि कँटीनच्या टेबलावर ती कार्डं पत्त्यांसारखी मांडून बसायचे. हे इथून उचल, ते तिथे ठेव, पुन्हा उचल. बर्माच्या आघाडीवरून परतलेल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून त्यांनी एक जपानी चाल घेतली होती. ती संपते न संपते तोच सतारीवर भूप सुरू व्हायचा. "दोघांचे सूर पाचच. चुलतभावंडं आहेत ही, फक्त लहानपणी ताटातूट झालेली," असं म्हणून ते स्वतःशीच हसायचे. व्हिएन्नाकडच्या एका वॉल्ट्झनंतर त्यांनी दादरा ठेवला होता. ढोलकीवाला म्हणाला, "मास्तर, ह्यो गोऱ्यांचा दादरा आपल्यापेक्षा जाडा वाटतो." मास्तर म्हणाले, "बटाटे खातात ते." नुसती सरमिसळ त्यांना चालत नसे. सतारीमागे व्हायोलिनं घुमवली की झालं फ्युजन, असं म्हणणाऱ्यांना ते मिसळवाले म्हणायचे. दोन चीजा आपापल्या जागी पूर्ण उभ्या राहिल्या पाहिजेत आणि त्यांच्यामधला सांधा कानाला कळता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट.

त्या सांध्यासाठी ते कोपरखैरणे गावात नामीबायकडे जायला लागले. नामीबाय आगरी समाजातली धवलारीण, म्हणजे लग्नातल्या एकेका विधीला धवला गाणारी, सत्तरीची बाई. तिच्या घराच्या जमिनी सरकारी वसाहतीत गेल्या होत्या, मुलगा तुर्भ्याला कामाला होता. मास्तरांच्या डोक्यात होतं ते असं : एका जर्मन संगीतकाराची संथ, प्रार्थनेसारखी रचना शेवटी एका लांब षड्जावर येऊन थांबते. तो सूर व्हायोलिनांनी धरून ठेवायचा, आणि टाळी पडायच्या आत त्याच सुरावर नामीबायनं धवला उचलायचा. पहिल्या भेटीला मी बरोबर होतो. ती म्हणाली, "मास्तर, धवला लग्नान गातान. तुमचे नाटकान कोनाचा लगीन हाय?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "बाय, लगीनच आहे. नवरी इथली, नवरा लांबचा आहे. बोलीसुद्धा कळत नाही एकमेकांची." ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "मंग येन. पन आधी गायाची नाय. येलेवरच गाईन."

त्या एका अटीमुळे तालमीत आम्ही तो धवला कधी ऐकलाच नाही. सूर दाखवायला ती एक ओळ म्हणायची आणि पदर तोंडाला लावून गप्प बसायची. तिचा सूर पेटीवरच्या काळी चारचा. तो खाली-वर करा असं तिला कोणी म्हटलं नाही. मास्तरांनी उलट ती सगळी जर्मन रचना तिच्या काळी चारवर नेली, चौदा जणांची पानं हातानं नव्यानं लिहिली. मायकल वैतागला. "चार फ्लॅट, मास्तर! एक तार मोकळी लागत नाय. बोटं तुटतात." मास्तर म्हणाले, "नवऱ्यानं नवरीच्या गावी यायचंय. चालू दे थोडं अनवाणी." वाद्यवृंदाला इशारे द्यायला मास्तर हातात धरायचे ती काठी नामीबायला कळेना. "मना ती काठी नाय कलत, तुजा हात कवा वर जातो तेवरा सांग." मग ठरलं, त्या सुरावर मास्तर उजवा हात वर धरतील. हात वर आहे तोवर सूर चालू. तिच्या मनात येईल तेव्हा ती उचलेल.

कारखान्याच्या वाढदिवसाला, जानेवारीत, वाशीतल्या एका मैदानावर मांडव घालून आमचा कार्यक्रम ठरला. आता जे लिहितो आहे ते मी मास्तर असेपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. प्रमुख पाहुणे उशिरा येणार आणि आठला निघणार, तेव्हा सत्कार मध्येच घालावा लागेल. "मध्यंतरानंतर लगेच उरकू, आणि वेळ भरून काढायला पुढचा एक छोटा आयटम काढून टाकू," असं ते म्हणाले. मध्यंतरानंतरचा छोटा आयटम म्हणजे माझा व्हायोलिनचा एकट्याचा तुकडा. चार मिनिटांचा. तो ऐकायला पुण्याहून सासरे आले होते. जावई निवेदन करतो एवढंच त्यांना माहीत होतं... मी कार्यक्रमाच्या क्रमाचा कागद हातात घेतला आणि म्हणालो, "साहेब, त्यापेक्षा ह्या जर्मन रचनेनंतर घ्या. तिथे शेवट शांत आहे, बरं दिसेल." आणि पेन्सिलीनं खूण केली. ते म्हणाले, "जाधवांना सांगा मग." मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला माहीत होतं.

माझा तुकडा बरा झाला, टाळ्या मिळाल्या. मग जर्मन रचना सुरू झाली. इतकी चांगली आम्ही ती कधीच वाजवली नव्हती. शेवटचा सूर लागला, मास्तरांचा हात वर गेला. नामीबाय हिरव्या लुगड्यात उभी होती. तिनं डोळे मिटले, श्वास घेतलेला मला दिसला. तेवढ्यात कल्याण अधिकारी शाल आणि नारळ घेऊन विंगेत आले, आणि मी व्हायोलिन खुर्चीवर ठेवून माईकपाशी गेलो. "रसिकहो, क्षणभर थांबवतो..." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. काहीतरी आग लागली असावी, कोणाला चक्कर आली असावी, अशा नजरेनं. मग पाहुणे पायऱ्या चढताना दिसले आणि त्यांचा हात हळूहळू खाली आला. सूर बंद झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे उत्पादनवाढीवर बोलले. मास्तर मंचाच्या कडेला उभे होते, पाठीशी हात बांधून.

सगळं उरकल्यावर त्यांनी शेवटच्या ओळी पुन्हा घेतल्या, हात वर धरला. नामीबाय बसलेलीच. मास्तर वाकून म्हणाले, "बाय..." ती म्हणाली, "येल गेली मास्तर. नवरी निंगून गेली. आता गायला तर अपशकून." आम्ही भूप वाजवून कार्यक्रम संपवला.

मास्तरांना मी सांगितलं की अधिकाऱ्यांनी ऐनवेळी मला ढकललं. त्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या लग्नसराईत पुन्हा करू म्हणाले, पण त्याच वर्षी भात कापणीच्या सुमाराला नामीबाय गेली. तिच्या दहाव्याला आम्ही दोघं खाडीवर गेलो होतो. परतताना मास्तर मिठागराच्या बांधावर थांबले. "कुलकर्णी, एक विचारू? खरं सांगा. तुम्ही माईकवर आलात, पाहुणे आले, ते त्यांचं. पण हात मी खाली घेतला ना? बाई माझा हात बघत होती. मी धरून ठेवला असता तर तिनं उचललं असतं. माझा हात आपोआप खाली आला हो. साहेब दिसला आणि आला खाली. रक्तातच असेल." त्यांना माझ्याकडून एक 'नाही' हवं होतं. नाही मास्तर, ती खूण माझी होती, एवढं म्हणायला त्या बांधावर कोणाची आडकाठी नव्हती. मी म्हणालो, "असतं. उचललं असतं." कदाचित मला वाटलं, दोष त्यांच्याकडेच राहिला तर माझ्याकडे येणार नाही. दुसरं काही कारण मला आज सापडत नाही. त्यानंतर मी रविवारी जाणं सोडलं. वाद्यवृंद वर्षभरात मोडला. मास्तरांनी पुन्हा कार्यक्रम लावला नाही.

मायकल भेटल्यानंतरच्या रविवारी मी सुमनवहिनींकडे गेलो. मास्तरांची पत्नी. त्यांनी चहा टाकला, आज कसे आलात, इतकी वर्षं का आला नाहीत, काही विचारलं नाही. मी सुरुवात कशी करावी या विचारात असताना त्याच बोलायला लागल्या. "भाऊजी, रविवारी सकाळी ते इथे खिडकीपाशी उभे राहायचे. उजवा हात वर. घड्याळ लावून. पहिल्यांदा मला वाटलं, व्यायाम करतात. हात भरून आला तरी खाली घ्यायचे नाहीत. मी म्हणायची, अहो, चहा गार झाला. तर म्हणायचे, थांब, बाईंनी अजून उचललं नाही... नामीबायच्या मुलाची माफी मागून आले घरी जाऊन. मायकलला, ढोलकीवाल्याला, सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या हातानं घात केला."

मग मी सांगितलं. पेन्सिलीची खूण, माझा तुकडा, सासरे, बांधावरचं उत्तर. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हीही सगळ्यांना सांगा. लिहून सांगा, तुम्हाला लिहिता येतं." त्यात क्षमा नव्हती, आणि ती मागायचं धाडस मला झालंही नाही. ज्यांच्या कानावर हे जायला हवं होतं त्यांच्यापर्यंत आता ते पोचणार नाही. धवलाही कोणाला येत नाही. मी गावात चौकशी केली. नामीबायच्या सुना म्हणाल्या, आम्ही कामाला जातो, आम्ही कधी शिकणार?

छापायला देण्याआधी हा लेख वहिनींना वाचून दाखवावा म्हणून गेल्या रविवारी पुन्हा गेलो. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. मी वाचत गेलो. बांधावरच्या प्रसंगापर्यंत आलो, 'उचललं असतं' हे माझंच वाक्य माझ्याच आवाजात ऐकलं, आणि पान उलटायला लागलो.

"राहू द्या भाऊजी," वहिनी उठत म्हणाल्या. "पुढचं मी पाच वर्षं बघितलंय."

त्या आत गेल्या. मी कागद गोळा केले, आणि दार लोटून घेऊन जिना उतरलो.