आठ संघ की बारा

आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत आठ संघ असत. आठच का, हे कुणी विचारत नसे. गेल्या वर्षी जे आठ खेळले तेच यंदा, आणि यंदाचे तेच पुढच्या वर्षी. दोन दिवसांत सामने, ट्रॉफी, फोटो, पोहे-जलेबी, संपलं. गावोगावी सरकारी कॉलेजं निघाली, तिथे मुली शिकायला लागल्या, तरी आमचे आठ ते आठच. मी उज्जैनच्या एका मुलींच्या कॉलेजात क्रीडा अधिकारी होते, त्या आठांतलीच एक. खरं सांगते, वीस-बावीस वर्षं मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या पानात वाढलेलं असतं, त्याला पंगत लहान आहे हे कुठे दिसतं?

मग एका दुपारी ती मुलगी आली. बसने दोन तासांवरच्या तहसीलच्या गावातून, एकटी, नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरून पायी. ई-रिक्शावाल्याने तिला महाकालची यात्रेकरू समजून भलताच भाव सांगितला होता. घाम पुसत म्हणाली, “मॅडम, मुझे यूनिवर्सिटी टीम का ट्रायल देना है.”

मी म्हटलं, ट्रायल वगैरे नसते बाई. स्पर्धा होते, निवड समिती कडेला बसते, खेळणाऱ्या मुलींतून बारा जणी उचलते. तुझं कॉलेज स्पर्धेत नाही, म्हणजे तूही नाहीस.

“तो हमारा कॉलेज कैसे आएगा?”

तिला वाटेला लावायचं म्हणून म्हटलं, बॉल घे, दहा शॉट मार आणि घरी जा. तिने मारले. दहातले आठ आत. आमची कॅप्टन, जिचं कौतुक मी सगळ्या फ्रीगंज बाजारात सांगत फिरायची, तिने पाच टाकले तर मी पेढे वाटायची. मी बाकावर बसले आणि म्हटलं, अजून मार.

मारता मारता तिने सगळं सांगितलं. गावच्या शाळेत एका सरांनी रिंग लावली होती, तिथे शिकली. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष. मुलगा बघून ठेवलेला. तिला क्रीडा शिक्षिका व्हायचं होतं, त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशात विद्यापीठाकडून खेळलेल्यांना वजन असतं. वडील एवढ्यावर कबूल झाले होते की यंदा विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर शिक, नाही तर वैशाखात लग्न. बोलताना तिचा आवाज जराही ओला झाला नाही. मीच उगाच शिट्टीशी चाळा करत बसले.

त्या वर्षीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सोळा संघ घ्या म्हणून सांगितलं. आम्ही आठ क्रीडा अधिकारी, त्यात बाई मी एकटी. सगळे हसले. आमचे अध्यक्ष सर, सगळ्यात ज्येष्ठ, गोड बोलून माणसाला कोपऱ्यात बसवणारे. ते म्हणाले, “मॅडम, भीड़ बढ़ाने से खेल नहीं बढ़ता. ये गाँव वाले नाम भेजेंगे और आएँगे नहीं. वॉकओवर ही वॉकओवर.”

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. छोट्या कॉलेजात क्रीडा अधिकारीच नसतो, ग्रंथपालाच्या गळ्यात खेळाचं काम मारलेलं असतं. ऐन दिवशी कुणाचा काका मुलीला अडवतो, कुणाची आई आजारी पडते. पण मी हट्टाला पेटले. म्हटलं, येणार नाहीत हे तुम्ही त्यांना बोलवायच्या आधीच ठरवता? माझ्या कॉलेजच्या मुलीसुद्धा पहिल्या वर्षी साठ गुणांनी हरल्या होत्या, तेव्हा मला कुणी हाकललं का? कचोरी थंड झाली तरी मी बोलतच होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “अगं, निवृत्तीला दोन वर्षं उरली, आता कशाला आ बैल मुझे मार?” मी त्याच्यावरही ओरडले.

शेवटी सोळा नाही, बारा ठरले. एका वर्षासाठी, बघू म्हणून. अट अशी की नव्या चारांपैकी एकानेही वॉकओव्हर दिला, तर पुढच्या वर्षी पुन्हा आठ. मी हो म्हटलं. जिंकल्यासारखी घरी आले, श्रीखंड केलं.

स्पर्धेच्या दिवशी नव्या चारांतले तीन संघ वेळेवर आले. एक तर आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत उतरला होता. हरले तिघेही, पण खेळले. चौथा संघ त्या मुलीचा. सामना अकराचा. पावणेअकराला ते फाटकातून आत आले आणि मी मुली मोजायला लागले. ग्रंथपाल सर पुढे, मागे मुली. एक, दोन, तीन, चार.

पाचवीला बस सुटताना तिच्या काकाने उतरवून घेतलं होतं. सहावी आदल्या दिवशीच नाही म्हणाली होती. ग्रंथपाल सरांनी खिशातून कागद काढला, “मॅडम, वॉकओवर लिख देता हूँ, और क्या.”

मुलगी म्हणाली, “चार से नहीं खेल सकते?”

नियम तिला माहीत होता, तरी विचारलं. सामना सुरू करायला पाच जणी मैदानात लागतात. एकदा सुरू झाला की कुणी जखमी होऊन चार उरल्या तरी चालतं. पण सुरू करायला पाच.

आता जे मी केलं ते आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं होतं. उसनी मुलगी द्यायची. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी आम्ही एकमेकांना मुलगी द्यायचो. दुसऱ्या कॉलेजची टी-शर्ट घालून ती गैरहजर मुलीच्या नावावर उभी राहते, दोन मिनिटांत पाय मुरगळल्याचं सोंग करून बाकावर बसते, आणि मग उरलेल्या चौघी नियमात खेळतात. पात्रता फॉर्मवरचे फोटो झेरॉक्सचे, सगळ्या पोरी सारख्याच काळ्या दिसतात. कोण बघतंय? अध्यक्ष सरांनाही मी एकदा अशीच मुलगी दिली होती, आणि त्यांनी मला चहा पाजला होता.

मी आमच्या राखीव मुलींतली एक बोलावली, तिला टी-शर्ट दिली. संघाच्या यादीवर कॅप्टन म्हणून सही त्या मुलीने करायची होती. ती पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम, पकड़े गए तो?”

“कोई नहीं पकड़ता. मैं बैठी हूँ ना यहाँ,” मी म्हटलं. वर रागावले सुद्धा, म्हटलं घड्याळ बघ, सही कर.

तिने सही केली.

उसनी मुलगी दोन मिनिटं उभी राहिली, लंगडली, बसली. मग त्या चौघी खेळल्या. समोर आठांतला सगळ्यात आळशी संघ होता, पण पाच म्हणजे पाच. ती मुलगी चाळीस मिनिटं एकदाही बसली नाही. बॉल तिचा, पास तिचा, शॉट तिचा. बाकी तिघी फक्त आडव्या उभ्या राहायच्या, तेवढंच त्यांना सांगितलेलं. गुडघा फुटला, रक्त मोज्यापर्यंत आलं. निवड समितीचे दोघे गप्पा सोडून बघायला लागले. त्यांच्यातल्या एकाने वहीत नाव लिहून खाली रेघ मारलेली मी स्वतः पाहिली.

आणि त्या जिंकल्या. तीन गुणांनी.

हरल्या असत्या तर काही झालं नसतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी वेड्यासारख्या टाळ्या पिटत होते. आठांतला संघ हरल्यावर त्यांचे सर गप्प बसणार होते का? त्यांच्या एका मुलीने आमच्या मुलीला ओळखलं, दोघी नानाखेड्याला एकाच कोचिंगमध्ये जात. संध्याकाळच्या आत लेखी तक्रार अध्यक्षांच्या हातात. उसनी मुलगी देणंघेणं चालतं, पण आपल्यातल्या आपल्यात, आणि हरणाऱ्यासाठी. ही रीत मला पाठ असायला हवी होती. मीच ती रीत पाळणारी ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडा विभागाच्या खोलीत चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही आठ जण. मीही तिकडेच, माझ्या नेहमीच्या खुर्चीत. आधी आमच्या मुलीला बोलावलं. तिला कोणी पाठवलं हे विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, “उस टीम की कैप्टन ने बोला, तो चली गई.” मी तिला असं शिकवलं नव्हतं. आमच्या मुलींना कुणी शिकवावं लागत नाही, आपली मॅडम कशी वाचवायची हे त्यांना कळतं. मी तिथेच बोलायला हवं होतं.

मग ती आली. गुडघ्याला रुमाल बांधलेला. अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला, ही सही तुझी का? तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी रजिस्टरमध्ये काहीतरी शोधायला लागले.

“जी सर. साइन मेरे हैं.”

“किसी ने कहा था?”

“नहीं सर.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांना सगळं माहीत होतं, शपथेवर सांगते, त्यांच्या डोळ्यांत चक्क हसू होतं. “मॅडम, आपकी जानकारी में था कुछ?”

“नहीं,” मी म्हटलं.

एकच शब्द. तोंडातून इतका सहज निघाला की मलाच नवल वाटलं. काय वाटत होतं म्हणून सांगू? निलंबन, पेपरात फोटो, इतक्या वर्षांच्या नोकरीच्या शेवटी शोभा. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तिच्या वैशाखाचा विचार मनात आला होता, येऊन गेला.

निकाल रद्द झाला. त्या मुलीला या वर्षीच्या निवडीतून बाद केलं. तिला बाहेर थांबायला सांगितलं, आणि अध्यक्ष म्हणाले, आता लगे हाथ दुसरं पण उरकून टाकू. वॉकओव्हरपेक्षा ही गोष्ट वाईट, तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा आठ. कोण कोण सहमत? सात हात वर गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. हात खाली ठेवला असता तर विचारलं असतं, मॅडम, आपको इतना प्यार क्यों है इन लोगों से?

मी हात वर केला.

बाहेर ती पायऱ्यांवर बसली होती, सामानाची पिशवी मांडीवर. ग्रंथपाल सर रिक्शा बघायला गेले होते. मला पाहून उठली, फुटलेल्या गुडघ्याने वाकून माझ्या पाया पडली. मला म्हणायचं होतं, नको पडूस.

“मॅडम, मेरा तो जो हुआ सो हुआ,” ती म्हणाली. “आपका नाम इसलिए नहीं लिया कि आप अंदर रहेंगी तभी तो बारह रहेगा. मेरे बाद की लड़कियाँ हैं कॉलेज में, दो तो बहुत अच्छी हैं. बारह रहेगा ना?”

“रहेगा,” मी म्हटलं.