खांद्याला हात लावणारं माणूस

बसस्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईला सगळं गाव रेडिओ म्हणायचं. हे नाव नोकरीच्या आधीचं. लहानपणी तिला गप्प बसवायला आई तोंडात गोळी द्यायची, तर ही ती गालात सरकवून बोलणं चालूच ठेवायची. पुढे त्याच बोलण्याचा पगार मिळू लागला. काचेच्या खोलीत बसून, माइकवर, कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते ती असं सांगायची, की अर्धवट झोपेतला प्रवासीही बरोबर आपल्या गाडीत चढायचा.

लग्न तिने केलं नाही. थोरला भाऊ क्रेन चालवायचा आणि कामाच्या ठिकाणी महिना महिना बाहेर असायचा. घरात ती आणि वहिनी. वहिनी शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश आणि पडदे. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. बोलायची ती, पण आवाज सपाट, एकाच पट्टीतला. म्हणून परक्यांसमोर तोंड मिटून असायची. समोरच्याचे ओठ मात्र पुस्तक वाचावं तसे वाचायची. भाऊ म्हणायचा, "देवाने जोडी जमवली ती माझी नाही, या दोघींची. एक बोलून थकत नाही, दुसरी ऐकून."

एका वर्षी धरणातून एकदम पाणी सोडावं लागलं. दुपारी नगरपालिकेचा माणूस काचेच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "गाड्या राहू देत. नदीकाठच्या गल्ल्या रिकाम्या करायला सांगा. सगळ्यांनी टेकावरच्या शाळेत जावं." रेडिओने माइक ओढला. स्टँडचे कर्णे नदीकाठापर्यंत ऐकू जायचे. एकीकडे भोंगा, दुसरीकडे तिचा आवाज. घसा बसेपर्यंत तिने तेच तेच सांगितलं. लोक निघाले, मुलाबाळांना आणि गाठोड्यांना घेऊन. आपल्या गल्लीतली माणसं निघाली म्हणजे वहिनीही निघाली, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती शाळेत पोचली. घरासमोर राहणारा न्हावी बायकोसह एका बाकावर बसला होता.

"वहिनी कुठेय?" रेडिओने विचारलं.

न्हाव्याने बायकोकडे पाहिलं. "तुमच्याबरोबर नाहीत? आम्हाला वाटलं, तुम्ही आधीच हलवलं असेल."

रेडिओ बाकाबाकावर विचारत सुटली. ज्याला विचारावं त्याचं हेच उत्तर. अग्निशमन दलाचा जवान तिला होडीत घ्यायला तयार नव्हता. पण तिच्याशी बोलून आजवर कोणी जिंकलं नव्हतं, तोही हरला.

घरात वहिनी कापड कापायच्या टेबलावर पाय वर घेऊन बसली होती. तयार गणवेशांचा गठ्ठा मांडीवर. मशीन मागच्या खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून होतं, त्यामुळे दाराकडे तिची पाठ. गल्ली कधी ओस पडली हे तिला कळलंच नव्हतं.

"पायाला गार लागलं तेव्हा खाली पाहिलं," ती म्हणाली. "दार उघडलं तर बाहेर पाण्याला ओढ होती. मग म्हटलं, इथंच बसावं."

रेडिओला रडू फुटलं.

"रडू नकोस," वहिनी म्हणाली. "तोंड वाकडं झालं की तुझे ओठ वाचता येत नाहीत."

पाणी ओसरलं, भिंतीवरचा डाग पुसला गेला, मशीन दुरुस्त झालं. वहिनी पुन्हा गणवेश शिवायला बसली. पण रेडिओचं मन माइकपाशी अडखळू लागलं. सगळ्या गावाला सांगितलं आणि घरातलीला नाही, हे तिला गिळता येईना.

पुढच्या वर्षी राज्य सरकारने आपत्ती व्यवस्थापन आणि पुनर्वसनाच्या कायद्याचा मसुदा आणला. आमदारांची एक समिती गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकणार होती. तारीख पुकारायचं काम अर्थातच रेडिओकडे आलं. पुकारून झाल्यावर ती घरी आली आणि वहिनीसमोर उभी राहिली.

"आपण जायचं."

"तू जा. माझा आवाज ऐकून लोक हसतात."

"बोलेन मी. तू फक्त बाजूला बस."

सभागृहात गर्दी होती. कोणी बंधाऱ्याबद्दल बोललं, कोणी भरपाईबद्दल, कोणी भाडेकरूंना घर कोण बांधून देणार म्हणून विचारलं. रेडिओची पाळी आली आणि तिला रंग चढला. छातीपर्यंत पाणी, तुटू पाहणारं दार, वाहून चाललेली कपाटं. वहिनी बाजूने तिचे ओठ वाचत होती. तिने पदर ओढून पाहिला, रेडिओ थांबेना. शेवटी वहिनी उठून उभी राहिली.

"पाणी कमरेला होतं," ती मोठ्याने म्हणाली. "कपाट आमच्याकडे नाहीच."

सभागृहात हशा पिकला. वहिनीने हसणारे चेहरे पाहिले, पण खाली बसली नाही.

समितीतले एक जाड मिशांचे आमदार काहीतरी बोलले. वहिनी म्हणाली, "मिशीमुळे समजलं नाही." आमदारांनी हसून दोन बोटांनी मिशी वर धरली आणि सावकाश सांगितलं, "नव्या कायद्यात जास्त मोठ्या आवाजाच्या भोंग्यांची तरतूद आहे."

"कितीही मोठा लावा, मला सारखाच."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "मग तुम्हाला काय हवं?"

"दिवा. लांबून दिसेल असा, उघडझाप करणारा. आणि एक माणूस. दार वाजवून उपयोग नाही. आत येऊन खांद्याला हात लावणारं माणूस. आधी नेमून ठेवलेलं. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल."

न्हावी मागच्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या.

हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. रेडिओने नगरपालिकेतून प्रत मिळवली आणि घरी येऊन कलम शोधलं. धोक्याची सूचना ऐकू येईल आणि दिसेल अशा दोन्ही प्रकारे द्यावी. ज्यांना ती मिळणार नाही किंवा मिळूनही बाहेर पडता येणार नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक प्रभागात माणूस नेमावा. पण दोन्हीकडे एक शब्द चिकटलेला होता: शक्यतो.

"शक्यतो म्हणजे काय?" ती कडाडली. "म्हणजे करायचं नाही."

वहिनीने कात्री खाली ठेवली. "मी पोरांच्या गणवेशाला शिवणीत कापड जास्त ठेवते. पोर वाढलं की आया उसवून मागायला येतात. तूही माग."

रेडिओ मागत राहिली. दर सोमवारी नगरपालिकेत ठाण मांडायची. कारकून तिला येताना पाहून कपाटाआड व्हायचा, पण आवाज कपाटाआडही पोचायचा. शेवटी गल्लीच्या तोंडाशी खांब उभा राहिला, वर लाल दिवा. माणूस नेमायची वेळ आली तेव्हा तिने स्वतःचं नाव पुढे केलं. मुख्याधिकारी म्हणाले, "तुम्ही त्या वेळी माइकवर असणार. तिथून हलता येणार नाही." ते खरं होतं. काम न्हाव्याकडे गेलं. त्याने स्वतःच मागून घेतलं होतं.

रेडिओला हे फारसं रुचलं नाही. हा माणूस गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून चहाला जाणारा.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं. रेडिओ माइकवर होती. या वेळी आवाज थरथरत होता आणि काचेतून नजर सारखी टेकाकडच्या रस्त्यावर जात होती. पुष्कळ माणसं गेली. मग न्हावी दिसला. डोक्यावर शिलाई मशीन, त्यावर दाढीचा टॉवेल पांघरलेला. मागून छत्री धरून वहिनी. रेडिओने पुढचं वाक्य नेहमीच्या आवाजात पुकारलं.

रात्री शाळेत तिने न्हाव्याला स्वतःचा डबा दिला. तो मान चोळत होता.

"मी आत शिरलो तर यांनी मशीन स्टँडवरून खोलून ठेवलेलं. दिवा बघून," तो म्हणाला. "ताई, कायद्यात माणसं न्यायची असं आहे. मशीनचं कुठंय? मी वाटेत दोनदा मागे वळून विचारलं यांना."

"मग काय म्हणाली?" रेडिओने विचारलं.

"काही नाही. समोर बघून चालत होत्या."

वहिनी शेजारीच बसली होती, डाळीत भाकरी बुडवत. या वेळीही तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.