पोरं मीमॉकडे आहेत

ग्लेंडा पिटमनला राग आला की ती भांडी आपटत नसे, रडत तर त्याहून नसे. ती वही काढत असे. सेंट क्लाउडच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिने सव्वीस वर्षं पोरांना जेवण वाढलं. एकदा नव्या मुख्याध्यापकाने तिला पोरांसमोर फटकारलं, का तर म्हणे मॅकरोनी गार होती. ग्लेंडा ‘हो सर’ म्हणाली. पुढे तो माणूस चार वर्षं त्या शाळेत होता आणि चार वर्षांत त्याच्या ताटात मॅकरोनी एकदाही गरम पडली नाही. त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं, कॅन्टीनचा स्टोव्हच बिघडलाय.

अशा बाईशी पंगा घेऊ नये हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिच्या सुनेला सोडून. सून शेजारच्या राज्यातली, जॉर्जियाची, शेल्बी तिचं नाव. बोलायला साखर. सासूला ‘मिस ग्लेंडा’ म्हणायची, पाहुण्यांसमोर तर दर वाक्याला. पण कामापुरता मामा ही जात कुठल्याही देशात सापडते, आणि ती नेहमी गोडच बोलते.

गावापासून अर्ध्या तासावर एक मोठं करमणुकीचं पार्क. ग्लेंडाचा नवरा अर्ल तिथे बागकामाला होता. झुडपं कापून हत्ती, मोर करायचा. दर शरद ऋतूत तिथल्या तळ्याभोवती खाण्यापिण्याचा उत्सव भरतो. देशोदेशीचे स्टॉल, तळहाताएवढ्या बशा, आणि हर तऱ्हेची वाइन. अर्ल उत्सवाच्या दिवसांत कामावर असायचा, घरी येऊन सांगायचा, ‘ग्लेंडा, एक दिवस आपण दोघं गिऱ्हाईक म्हणून जाऊ. पाण्याकाठचं टेबल घेऊ.’ तो गेला आणि ते टेबल राहूनच गेलं.

त्यानंतर मुलाच्या, कर्टिसच्या कुटुंबाबरोबर ती आठ वर्षं त्या उत्सवाला गेली. आठही वर्षं वाइनचा थेंब तिच्या जिभेला लागला नाही, कारण तिच्या कडेवर नेहमी कोणीतरी होतं. आधी नातू ईस्टन, मग नात हॅडली, मग सुनेच्या बहिणीचं, केल्सीचं बाळ. त्याच्याशी तर ग्लेंडाचं रक्ताचं नातंही नव्हतं. बाकीचे पेले घेऊन पुढे जात, मागे ग्लेंडा बाबागाडी ढकलत असे. पार्कात कुठल्या वेळी कुठे सावली असते, कुठल्या संडासापुढे रांग नसते, रोज दुपारी तीनला येणाऱ्या पावसात कुठल्या छपराखाली उभं राहायचं, हे तिला पार्कवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं. उत्सवाचं छोटं पुस्तक मिळतं, प्रत्येक स्टॉलवर त्यात शिक्का मारून घेतात. तिच्याकडे अशी आठ पुस्तकं होती, शिक्क्यांनी भरलेली, आणि सगळ्यांवर पोरांची नावं.

गेल्या वर्षी पार्किंगमध्ये झोपलेल्या हॅडलीला खांद्यावर घेऊन ती उभी असताना कर्टिस म्हणाला होता, ‘पुढच्या वर्षी पोरं नाहीत, आई. नुसती मोठी माणसं. तुझ्या हातात पेला देतो की नाही बघ.’

त्या वाक्यावर तिने वर्ष काढलं.

म्हणून जुलैत शेल्बीचा फोन आला, ‘मिस ग्लेंडा, यंदा फक्त मोठ्या माणसांची ट्रिप हं. ठरवायचं सगळं तुम्हीच, तुमच्याइतकं कोणाला जमतंय?’ तेव्हा ग्लेंडाने दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट आणले. पाण्याकाठच्या रेस्टॉरंटची टेबलं साठ दिवस आधी सकाळी सहाला खुली होतात आणि सहा वाजून तीन मिनिटांनी संपतात. पावणेसहापासून ती फोन धरून बसली. पाच जणांचं टेबल, शनिवार, दुपारी साडेबारा, नाव पिटमन. कर्टिस, शेल्बी, केल्सी, केल्सीचा नवरा ट्रेंट आणि आपण. अर्लच्या फोटोला तिने ही बातमी सांगितली.

मग टी-शर्टांची यादी आली. तिकडे कुटुंबं पार्कात जातात ती एकसारखे टी-शर्ट घालून. आणि निवृत्तीनंतर ग्लेंडाचा उद्योगच तो होता, टी-शर्टांवर अक्षरं चिकटवून द्यायचा. शेल्बीने लिहिलं होतं: पाच शर्ट, जांभळे. दोन मध्यम, दोन मोठे, एक सगळ्यात मोठा. समोर मजकूर: ‘पोरं मीमॉकडे आहेत.’

मीमॉ म्हणजे आजी. नातवंडं ग्लेंडाला मीमॉ म्हणत.

मजकूर वाचून ती हसली. तिला वाटलं, मीमॉनेच हा शर्ट घालायचा, हीच तर गंमत आहे. फक्त माप चुकलंय, म्हणून तिने फोन केला.

‘शेल्बी, पाचव्या शर्टाचं माप बघ गं. मला लहान लागतो. या शर्टात माझ्यासारख्या दोघी मावतील.’



‘अय्या, मिस ग्लेंडा. तो ना, माझ्या ममाचा आहे. ती येतेय जॉर्जियाहून. तिला बिचारीला कधी मिळतच नाही ना असं. आणि पोरांना तुमच्याशिवाय करमतं का? तुम्ही म्हणजे आमचा आधार आहात.’

मार्जरी, म्हणजे शेल्बीची आई, ग्लेंडाहून दोन वर्षांनी मोठी होती आणि त्या तिन्ही पोरांची सख्खी आजी होती. मोठ्या माणसांच्या सहलीत ती मोठं माणूस ठरली आणि ग्लेंडा ठरली पोरं ठेवायची जागा.

‘बरं,’ ग्लेंडा म्हणाली.

आणि तिने वही काढली.

ओडेसा तिची कॅन्टीनमधली मैत्रीण. सव्वीस वर्षं दोघी एकाच डावाने वाढत आल्या. जाळीच्या पडवीत उकडलेल्या शेंगा सोलत ओडेसाने सगळं ऐकलं आणि तीच जास्त तापली.

‘स्पष्ट नाही म्हण की. तोंड काय भाड्याने दिलंयस?’

‘नाही म्हटलं तर पैसे देऊन बाई ठेवतील आणि निवांत जातील,’ ग्लेंडा म्हणाली. ‘वर म्हणतील, म्हातारी कुढी आहे. त्यांना काय फरक पडला?’

‘मग टेबल रद्द कर.’

‘ते तर कोणीही करेल.’

ओडेसाने तिच्याकडे पाहिलं. ‘बाई गं. मुख्याध्यापकाची मॅकरोनी करायला घेतलीस की काय?’

‘तुझे बरे बूट आहेत का चालायला?’ ग्लेंडाने विचारलं.

रबराच्या पातळ कागदातून अक्षरं कापायची ती उलटी, आरशातल्यासारखी; मग सुईने आजूबाजूचं रबर उचकटायचं, शर्टावर ठेवून तापल्या पत्र्याखाली पंधरा सेकंद दाबायचं. ‘पोरं मीमॉकडे आहेत’ हे वाक्य तिने पाच वेळा सुईने टोकरलं आणि पाच वेळा दाबलं. प्रत्येक वेळी चीड वाढली, पण एक अक्षर वाकडं गेलं नाही. मग कपाटातून तिने आणखी एक जांभळा शर्ट काढला, लहान मापाचा.

सहलीचा बेत तिने असा आखला की त्याला तोड नव्हती. अकराला फाटक, सव्वाअकराला पहिला स्टॉल, अमक्या ठिकाणी अमकी बशी, बारा वाजून दहाला लहान पुलावर फोटो. त्याची कार्डं केली, प्लास्टिकमध्ये घातली, दोऱ्या लावल्या, गळ्यात अडकवायला. शेल्बीने ती पाहून टाळ्या पिटल्या. म्हणाली, ‘मिस ग्लेंडा, आता आम्हाला विचारसुद्धा करायला नको.’ विचार करणारी माणसं असती तर त्यांच्या लक्षात आलं असतं की दिवसाच्या कुठल्या मिनिटाला आपण कुठे उभे असू, हे ग्लेंडाला आता पाठ आहे.

शुक्रवारी दुपारी तिन्ही पोरं तिच्या दारात उतरवली गेली, रविवार संध्याकाळपर्यंत. मोठी माणसं दोन रात्री पार्कच्या हॉटेलात राहणार होती. मार्जरी गाडीतून उतरलीसुद्धा नाही. काच खाली करून म्हणाली, ‘तुमचं बरं आहे हो ग्लेंडा. एसीत बसायचं, पोरांची गंमत बघायची. आम्हाला उन्हात वणवण.’

‘हो ना,’ ग्लेंडा म्हणाली. ‘मला कसला त्रास.’

कर्टिसने आईच्या गालाचा मुका घेतला आणि पोरांच्या तीन बॅगा आत ठेवल्या. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची एक रेघ जरी दिसली असती तर ती थांबली असती. निदान तिने नंतर ओडेसाला तसं सांगितलं. पण तो शीळ घालत होता.

शनिवारी सकाळी नऊला त्या तिन्ही बॅगा हॉटेलच्या काउंटरवर पोचल्या, कर्टिस पिटमन यांच्या खोलीसाठी. मोठ्या दोन पोरांचे वर्षाचे पास होतेच, दोन वर्षांच्या बाळाला तिकीट लागत नाही. ओडेसाने बाबागाडी ढकलली. ग्लेंडाने तिघांच्या डोक्यावर टोप्या घातल्या, सनस्क्रीन थापलं आणि सांगितलं, ‘आईबाबांना चकित करायचं हं.’ पोरं हरखली. पोरांचं या गोष्टीत काहीच वाईट झालं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बारा वाजून दहा मिनिटांनी पाचही जण लहान पुलावर उभे होते, कारण कार्डावर तसं लिहिलं होतं. हातात पेले, छातीवर ‘पोरं मीमॉकडे आहेत’. ट्रेंट फोटो काढत होता. आसपासची माणसं शर्ट वाचून हसत होती. कोणीतरी म्हणालं, ‘नशीबवान आहात राव.’

आणि त्या गर्दीतून हॅडली ओरडत धावली, ‘मम्मी!’

तिच्यामागे ईस्टन. त्याच्यामागे बाबागाडी, आणि तिच्यामागे ग्लेंडा, पांढऱ्या बुटांत, जांभळ्या शर्टात. शर्टावर त्याच अक्षरांत लिहिलं होतं: ‘पोरं आईबापाकडे आहेत.’

माणसांनी एक शर्ट वाचला, मग दुसरा, आणि पुलावर असा हशा उसळला की पलीकडच्या स्टॉलवरचे लोक वळून पाहू लागले. शेल्बीचा चेहरा पेल्यातल्या वाइनसारखा लाल झाला.

‘काय झालं मिस ग्लेंडा? कोणी आजारी आहे का?’

‘छे गं. सगळी ठणठणीत आहेत.’ ग्लेंडाने दुपट्यांची पिशवी मार्जरीच्या खांद्याला अडकवली. ‘बाळाला साडेबाराला दूध. पुढच्या कप्प्यात आहे. बॅगा हॉटेलवर पोचवल्यात, रविवारपर्यंतचे कपडे आहेत. तुम्हाला कधी मिळत नाही ना असं, मार्जरी, नातवंडांबरोबर राहायला.’

मार्जरीच्या एका हातात वाइन आणि दुसऱ्यात चीजची बशी होती. पिशवी काढायला तिसरा हात नव्हता.

‘आई, हे काय चाललंय?’ कर्टिस खालच्या आवाजात म्हणाला. ‘ही मोठ्या माणसांची ट्रिप आहे.’

‘हो. म्हणूनच आलेय.’

‘अगं पण असं न सांगता, लोकांसमोर... तुला यायचं होतं तर बोलायचंस. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?’

‘गेल्या वर्षी पार्किंगमध्ये मला काय म्हणाला होतास, कर्टिस?’

तो आठवू लागला. खरोखर आठवू लागला, कपाळाला आठ्या घालून, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

‘काय म्हणालो होतो?’

तिने सांगितलं नाही. वर्षभर जे उराशी धरलं ते पुलावर उभं राहून त्याला आठवून द्यायचं, इतकी ती स्वस्त झाली नव्हती. तिने बाबागाडीचा दांडा त्याच्या हातात दिला. ‘ब्रेक डावीकडे आहे,’ म्हणाली, आणि ओडेसाचा हात धरून चालू लागली.

साडेबाराला ती सगळी वरात रेस्टॉरंटच्या दाराशी आली. निदान बसायला तरी मिळेल, अशी त्यांची आशा होती. काउंटरवरच्या मुलीने यादी पाहिली. ‘पिटमन, दोघींचं टेबल. दोघी आत बसल्यात, मॅडम. आज आता दुसरं टेबल नाही.’ टेबल पाचाचं दोनावर आणायला ग्लेंडाला आदल्या रात्री एक मिनिट लागलं होतं.

टेबल पाण्याकाठचंच होतं, अर्ल म्हणायचा तसलं. समोर अर्लच्या हाताखाली वाढलेला हिरवा मोर अजून उभा होता, कोणा दुसऱ्याने कापलेला. वाइन आली. ग्लेंडाने पेला उजेडात धरला, मोठा घोट घेतला आणि थांबली.

‘कशी आहे?’ ओडेसाने विचारलं.

‘आंबट.’

‘मग ठेव बाजूला. गोड चहा मागवू.’

‘ठेवते कशाला?’ ग्लेंडा म्हणाली. ‘आठ वर्षं थांबलेय.’ आणि तिने पेला शेवटपर्यंत प्यायला.

काचेतून बाहेरचा चौक दिसत होता. टळटळीत ऊन पडलं होतं. शेल्बी आणि केल्सी एकमेकींवर खेकसत होत्या, ट्रेंट फोनमध्ये तोंड घालून उभा होता. मार्जरी दुधाची बाटली शोधायला पिशवीचे मागचेच कप्पे उपसत होती. कर्टिसच्या कडेवर बाळ रडत होतं, हॅडली त्याच्या विजारीला लोंबकळत होती, आणि तो डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे सावली शोधत होता. पोरांना टोप्या होत्या, त्याला नव्हती. गळ्यातलं कार्ड त्याने दोनदा उलटून पाहिलं. त्यात ते लिहिलेलं नव्हतं.

एकदा त्याची नजर काचेपाशी आली आणि आईशी भिडली. त्याने हाताने विचारलं, कुठे बसू?

त्याच्या मागे, दिव्याच्या दुकानाला वळसा घातला की वीस पावलांवर एक बाक आहे, झाडाखाली, पाण्याच्या नळाजवळ. आठ वर्षं ती त्याच बाकावर बसून या सगळ्यांची वाट बघत आली होती.

ग्लेंडाने त्याला हात हलवून दाखवला आणि वेट्रेसला दुसरा पेला आणायला सांगितला.